घाणीला टाकी

मंडईत भाजी घ्यायला गेलेल्या माणसाची नजर बहुधा खाली असते. मेथीची जुडी ताजी आहे का, वांगी किडकी तर नाहीत ना, सुटे पैसे पुरतील का, याच विचारात तो असतो. पण पिशवी भरून झाली की घटकाभर थांबून मान वर करून पाहावी. मधला अष्टकोनी भाग, त्यावर चढत गेलेला मनोरा, आठ दिशांना फाकलेली दालने आणि त्या सगळ्यांचा भार वाहणारा काळा दगड. दगडाचे कौतुक सगळेच करतात. मला आज दोन दगडांच्या मधल्या जागेबद्दल बोलायचे आहे. गवंडी तिला दरज म्हणतात. त्या बोटभर जागेत चुना आहे, आणि तो तिथवर येण्याआधी एका कारखान्यातून गेलेला आहे. कारखाना म्हटले की धुराडे आणि भोंगा डोळ्यांपुढे येतो. हा कारखाना म्हणजे एक भट्टी, जमिनीत खणलेली एक गोल चर, दगडाचे एक चाक आणि बैलांची एक जोडी. जमिनीतून काढलेले खनिज भाजायचे, विरवायचे, दळायचे आणि कामावर पोचवायचे, एवढे सगळे तो करत असे. आणि कुठल्याही कारखान्याप्रमाणे तो बिघडतही असे. तो कसा बिघडे आणि त्याला कसे सांभाळत, ही आजची गोष्ट आहे.

पुण्याचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. त्याला छप्पर मिळाले ते शुक्रवार पेठेत ही इमारत उभी राहिल्यावर, १८८६ साली. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले आणि ती ‘रे मार्केट’ झाली. पुढे १९३८ साली, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, तिला महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले. या नावात एक गंमत आहे. जोतीराव १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्याला त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणाकडे जावा, असे त्यांचे म्हणणे होते. पण जोतीरावांची आणखी एक ओळख आपण सहसा विसरतो. ते बांधकामाच्या धंद्यातले जाणकार होते. धातूच्या ओतकामाला लागणारे साहित्य पुरवण्याचा व्यवसाय त्यांनी १८६३ साली सुरू केला. १८७० नंतरच्या दशकात पुण्याजवळच्या धरणाच्या कामाला त्यांनी बांधकामाचा माल पुरवला. कात्रजच्या बोगद्याच्या कामावर मजूर पुरवण्याचे कंत्राटही त्यांच्याकडे होते. दगड आणि चुना म्हणजे काय, हे या माणसाला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

आता चुन्याकडे येऊ. पुण्याच्या पोटात सगळा काळा कातळ. त्यात चुनखडकाच्या खाणी नाहीत. पण काळ्या मातीखाली आणि ओढ्यानाल्यांच्या काठांनी चुनखडीचे ओबडधोबड गोटे सापडतात. हेच आपले खनिज. ते वेचायचे, चिकटलेली माती झाडायची, फोडून सारख्या आकाराचे करायचे आणि भट्टीत भाजायचे. हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आला तो लोणारी समाज. भट्टीत काय घडते ते शाळेत आपण शिकलेले असतो. शंभर किलो शुद्ध चुनखडक पुरेसा तापला की त्यातून चव्वेचाळीस किलो वायू निघून जातो आणि छप्पन्न किलो चुनकळी उरते. त्यासाठी नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. चुनकळीवर पाणी टाकले की ती फसफसते, वाफा सोडते, फुलते आणि तिचे पीठ होते. यालाच चुना विरवणे म्हणतात.

आपल्या गोट्यांत थोडी माती मिसळलेली असते. वरवर पाहता ही अशुद्धता वाटेल, पण तोच त्यांचा गुण आहे. इंग्लंडमध्ये जॉन स्मीटन नावाच्या इंजिनिअरला एडिस्टनच्या खडकावर, भर समुद्रात, दीपगृह बांधायचे होते. लाटांच्या माऱ्यात टिकेल असा चुना शोधताना १७५६ साली त्याच्या ध्यानात आले, की ज्या चुनखडकात चिकणमाती असते त्याचा चुना पाण्यातसुद्धा घट्ट होतो. दख्खनच्या गोट्यांत ही सोय निसर्गानेच करून ठेवली होती. जिथे ती कमी पडे, तिथे भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळत. आपल्याकडची दगडी धरणे, पूल आणि मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या त्या अशा चुन्यावर.

पण गुण असला तरी तो पदरात पडायला हवा, आणि तिथेच भट्टीचे दुखणे सुरू होते. गोट्यांचा एक थर, इंधनाचा एक थर, अशी भट्टी भरतात. आच कमी पडली तर गोटा बाहेरून भाजतो आणि आत कच्चा राहतो. तो पाण्यात टाकला तरी फुलत नाही, दगडच राहतो. आच जास्त झाली तर याहून वाईट. गोट्यातली माती वितळू लागते, गोटे एकमेकांना चिकटतात, त्यांचा एक गड्डा होतो आणि भट्टी कोंडते. वरून भरलेला माल खाली उतरत नाही. मग पहारी घालून तो गड्डा फोडायचा किंवा भट्टी निवेपर्यंत वाट पाहायची. भट्टीच्या आतल्या विटाही आगीने खचतात आणि पडलेली वीट मालात मिसळते. म्हणून शहाणा भट्टीवाला दर खेपेनंतर आत उतरून अस्तर पाहून घेई आणि सैल झालेल्या विटा बदलूनच पुढची भट्टी लावी. चुनकळीचा आणखी एक शत्रू म्हणजे दमट हवा. उघडी राहिली तर ती हवेतलेच पाणी ओढून घेते आणि कामावर जाण्याआधीच निकामी होते. पुण्याच्या आषाढात ती साठवायची तर कोरडी कोठी हवी, आणि कोठीचे छप्पर पावसाआधी शाकारलेले हवे. या कारखान्यात छपराची कौलेसुद्धा यंत्राच्या भागांतच मोडत होती.

भट्टीनंतर घाणी. ज्यांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी खेड्यात एखादे मोठे बांधकाम पाहिले असेल, त्यांना ती आठवेल. वीस ते तीस फूट व्यासाची गोल चर, आतून घडीव दगडाने बांधलेली. मध्ये एक खुंटा. खुंट्यापासून निघालेला लाकडी आस आणि त्यात बसवलेले, चरीच्या रुंदीहून थोडेसेच कमी रुंद असे दगडी चाक. आसाच्या बाहेरच्या टोकाला बैल. चरीत विरवलेला चुना, वाळू किंवा सुरखी आणि पाणी घालायचे आणि चाक फिरवत राहायचे. मागून एक माणूस खोऱ्याने माल पुन्हापुन्हा चाकाखाली लोटत असतो. किती फिरवायचे, याचाही हिशेब होता. बैलांच्या घाणीला १८० फेरे आणि यंत्राच्या घाणीला १००, असे बांधकामाच्या नियमपुस्तकांत लिहिलेले असे. पंचवीस फुटांची चर धरली तर एका फेऱ्याला सुमारे ७८ फूट होतात. १८० फेऱ्यांचे झाले चौदा हजार फूट, म्हणजे चार किलोमीटरहून अधिक. चुन्याच्या एकेका खेपेसाठी ते चाक एवढे अंतर चालत असे.

आता एवढे चालणारे चाक झिजणारच. आस खुंट्यावर घासून सैल होतो. चाकाचे भोक मोठे होते आणि चाक डगमगू लागते. कड झिजली की ते चरीच्या भिंतीला घासते. चरीच्या तळाला खळगे पडतात. हे बिघाड दोन प्रकारचे असतात, आणि त्या दोहोंतला फरक हेच आजच्या बोलण्याचे सार आहे.

पहिला प्रकार आवाज करणारा. आस मोडला, चाक फुटले, बैल लंगडला. काम जागच्या जागी थांबते. सगळ्यांना कळते. मुकादम ओरडतो, सुतार धावत येतो. नुकसान होते, कारण पाण्यात घट्ट होणारा चुना साठवून ठेवता येत नाही. त्याची सर्वांत तेज जात दळल्यापासून चार तासांत वापरून संपवावी लागते. घाणी थांबली की भिंतीवरचे गवंडी रिकामे, त्यांना माल देणारे बिगारी रिकामे, आणि चरीतला अर्धवट दळलेला माल वाया. पण या बिघाडाला उपाय ठरलेला आहे. एक आस जादा घडवून ठेवा. एका घाणीवर सगळे काम टांगू नका, दोन घाण्या ठेवा. बैलांना पाळ्या लावा. खर्च होतो, पण तो मोजता येतो.

दुसरा प्रकार मुका. चाक गुळगुळीत होते, चरीच्या तळात खळगे पडतात, आणि तरीही घाणी फिरत राहते. बैल चालतात, फेरे मोजले जातात, संध्याकाळी रोजनाम्यावर खेपांचा आकडा बरोबर येतो. फक्त खळग्यात बसलेला माल चाकाखाली येतच नाही. त्यात न विरलेले बारीक खडे तसेच राहतात. तो गारा भिंतीत जातो आणि दरज वरून छान दिसते. महिन्यांनी, कधी वर्षांनी, तो जास्त भाजलेला खडा ओल पिऊन भिंतीच्या आत विरू लागतो, फुगतो आणि भोवतालचा गिलावा उडवतो. तोवर कंत्राटदाराचे बिल निघालेले असते आणि घाणी दुसऱ्या कामावर गेलेली असते. यंत्र चालू असताना झालेला हा बिघाड सर्वांत महाग पडतो, आणि तो कोणाच्याच वहीत नोंदला जात नाही.

आपल्या घरातल्या बायकांना हा मुका बिघाड चांगला ठाऊक होता. जात्यावर पीठ जाडेभरडे येऊ लागले, की जाते मोडले नसतानाही ‘टाकी लावायला झालीय’ असे म्हणत. मग गल्लीतून ‘टाकीऽऽ’ अशी हाळी देत जाणाऱ्याला बोलावून पाटा, वरवंटा, जाते खडबडीत करून घ्यायचे. पीठ चिमटीत धरून पाहिले की यंत्राची प्रकृती कळायची. घाणीलाही तसेच. चांगला मुकादम चाकामागून चिमूटभर गारा उचलून बोटांत चोळून पाही. खर लागली की फेरे पुरे झाले असोत वा नसोत, माल वर जात नसे. आणि खर वारंवार लागू लागली की पाथरवटाला बोलावून चाकाची कड सरळ करायची, चरीचा तळ घडवून घ्यायचा. म्हणजे काय, तर बिघाड होऊन यंत्र थांबण्याची वाट पाहायची नाही. आपणच वेळ ठरवून ते थांबवायचे.

हे बोलायला सोपे आहे. पण चालती घाणी थांबवायची कोणी? कंत्राटदाराला पैसा मिळतो तो बांधून झालेल्या भिंतीच्या मापावर. त्याच्या दृष्टीने थांबलेली घाणी म्हणजे बुडालेला दिवस. बैलामागे चालणाऱ्याला रोजंदारी मिळते. घाणी थांबली तर त्याची चूल थांबते. चुना चिमटीत धरून पाहण्याची अक्कल ज्याच्या बोटांत असते, त्याच्या शब्दाला बहुधा वजन नसते. आणि ज्याच्या शब्दाला वजन असते तो साहेब भिंत पाहायला येतो, घाणी पाहायला नाही. यंत्र सांभाळण्याचा प्रश्न हा असा शेवटी माणसांचा प्रश्न होतो. टाकी कधी लावायची हे ठरवण्याचा अधिकार पीठ पाहणाऱ्याच्या हाती असला तरच जाते नीट राहते. घरात तो अधिकार दळणारीच्या हाती होता. कामावर तो क्वचितच तसा असे.

पुढे वाफेच्या आणि तेलाच्या इंजिनांवर चालणाऱ्या घाण्या आल्या. चाके लोखंडी झाली, वेग वाढला, १८० फेऱ्यांचे काम १०० फेऱ्यांत होऊ लागले. पण एक गोष्ट गेली. चरीत मोठा दगड अडकला की बैल थांबत. चाबूक उगारला तरी ते जागचे हलत नसत, आणि त्यांच्या त्या हट्टाने आस वाचे. इंजिनाला हा हट्ट नाही. ते ओढत राहते आणि जे सर्वांत कच्चे असेल ते मोडते. म्हणून यंत्र बांधणाऱ्यांनी एक युक्ती काढली. मोठ्या यंत्रात शक्ती जिथून पुढे जाते, तिथे एक खीळ मुद्दामच कमजोर ठेवायची. भार बेसुमार झाला की ती लहानशी खीळ तुटते आणि मोठा दांडा वाचतो. बैलाचा शहाणपणा त्या खिळीत उतरवलेला आहे. मात्र खीळ फार वेळा तुटते म्हणून वैतागून तिच्या जागी कोणी जाड सळई ठोकली, तर पुढचा बिघाड कितीतरी मोठा होतो. खीळ का तुटते, हे शोधण्याचे काम त्या सळईने पुढे ढकललेले असते.

तुम्ही म्हणाल, घाणी गेली, आता या गोष्टींचा उपयोग काय? पण घाणी गेलेली नाही, तिने फक्त रूप बदलले आहे. दगडी चाक चरीत फिरवून खनिज दळण्याची हीच रीत दक्षिण अमेरिकेत चांदीचे आणि सोन्याचे दगड दळायला वापरत. तिकडच्या या यंत्राला ‘चिली मिल’ असेच नाव पडले. आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातले सिमेंटचे कारखाने घ्या. तिथेही चुनखडकच दळतात आणि भाजतात. भट्टी आता पोलादी नळकांड्याची, आडवी आणि सतत फिरणारी. आतला माल सुमारे १४५० अंशांपर्यंत तापतो. आत विटांचे अस्तर असते, लोणाऱ्याच्या भट्टीत असे तसेच. एखादी वीट निसटली की बाहेरच्या पोलादावर लाल डाग उमटतो आणि तो पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ही भट्टी थांबवायची म्हटली तरी एकदम थांबवता येत नाही. निवेपर्यंत तिला थोडी थोडी फिरवत राहावे लागते, नाहीतर स्वतःच्याच वजनाने ती वाकते. दळणाऱ्या पिंपांच्या आतली पोलादी अस्तरे झिजतात आणि पिंप फिरत असतानाच मालाचा कस उतरतो. म्हणून तासातासाला नमुना काढून पाहतात. पूर्वीची चिमूट आता प्रयोगशाळेत गेली आहे, एवढाच फरक.

थांबण्याची वेळ आपण ठरवायची, हे तत्त्व गोव्याच्या लोखंडखनिजाच्या धंद्यातही मुरलेले होते. तिथे खाणींचा हंगाम पावसाळा सरला की सुरू व्हायचा. पावसात खाणीत पाणी भरणार आणि बंदराबाहेरचा समुद्र खवळणार, हे ठरलेलेच. मग तेच चार महिने खनिज धुण्याची यंत्रे उघडून चाळण्या बदलण्याचे, पट्टे ताणण्याचे आणि बार्जची डागडुजी करण्याचे. निसर्गाने दिलेली सक्तीची सुट्टी अशी कामी लावायची. आपल्या चुनाभट्टीवाल्यांचा आषाढही असाच जाई.

चुन्याची घाणी आपल्याकडून गेली ती सिमेंटमुळे. १९१४ साली पोरबंदरला सिमेंटचे उत्पादन सुरू झाले आणि पुढच्या काही दशकांत पोते फोडा, पाणी घाला, लावा, अशी सोय झाली. कारखाना कामाच्या जागेवरून दूर गेला, आणि त्याबरोबर चिमटीत माल धरून पाहणारी बोटेही गेली. त्याचे परिणाम जुन्या इमारतींवर दिसतात. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि सोडते. तिच्या दरजा कोणी घाईने सिमेंटने भरल्या तर ओल आत कोंडते, आणि मग सिमेंट शाबूत राहून शेजारच्या दगडाची कड उडते. म्हणून आता जाणकार जुन्या वास्तूंची दुरुस्ती पुन्हा चुन्यानेच करतात. गूळ, बेलफळ, हिरडा असे पूर्वीचे जिन्नस पुन्हा चुन्यात पडू लागले आहेत, आणि कुठेकुठे विजेवर फिरणारी छोटी घाणीही कामावर दिसते.

तेव्हा पुढच्या वेळी मंडईत जाल तेव्हा एका दरजेवर बोट ठेवून पाहा. ती अजून घट्ट असेल, तर त्याचे श्रेय दगडाला द्या, नकाशा काढणाऱ्याला द्या, पण थोडे त्या माणसालाही द्या, ज्याने कुठल्याशा दिवशी मोडलेली नसताना घाणी थांबवली आणि पाथरवटाला बोलावले. त्या दिवशी खेपा कमी भरल्या असतील आणि त्याने बोलणीही खाल्ली असतील. इमारतीवर नाव गव्हर्नरचे लागले, मग महात्म्याचे लागले. त्या माणसाचे नाव कुठे लागलेले नाही. त्याची आठवण ठेवायची तर एवढेच करता येईल. आज ही इमारत आपल्या ताब्यात आहे. तिच्या छपराची गळकी पन्हळ, दरजेत उगवलेले पिंपळाचे रोप आणि गच्च झालेले गटार यांचा अजून आवाज झालेला नाही. तो होण्याआधीच टाकी लावायला हवी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)